‘नॉट सीन’च्या पुढे

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात. सांगली-कोल्हापूरची माणसं तर येतातच, पण अथणी, जमखंडी, विजापूरकडूनही रोज रेल्वेने आणि एसटीने पेशंट इथे उतरतात. दवाखान्यांच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत आमच्यासारख्या लहान लॅब आहेत. डीएमएलटीचा कोर्स करून मी त्यातल्या एका लॅबमध्ये लागले तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. नव्या मुलीच्या वाट्याला जे काम येतं तेच माझ्याकडे आलं, लघवी आणि संडास तपासण्याचं. रक्ताच्या टेबलाला मान होता, या टेबलाला नव्हता. काचपट्टीवर एका बाजूला सलाइनचा थेंब, दुसऱ्या बाजूला आयोडीनचा, त्यात काडीच्या टोकाने नमुना कालवायचा, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि भिंगाखाली जंतांची अंडी, अमिबा, जिआर्डिया, पू-पेशी, तांबड्या पेशी शोधायच्या. बहुतेक वेळा यातलं काहीच नसायचं. मग छापील ओळींपुढे ‘नॉट सीन’ लिहायचं आणि पुढची डबी घ्यायची.

डब्या बदलत, पण कित्येकदा माणसं तीच असत. ‘आव आहे ओ, नीट बघा जरा,’ असं सांगून जात. चार-सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन पुन्हा येत. रिपोर्टवर काही नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. मला ते कोडं वाटायचं. आजार सापडला नाही याचं या लोकांना वाईट का वाटावं?

खरं तर ते मला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं, कारण मी त्यांच्यातलीच होते. शाळेत असताना जत्रेनंतर आमच्या गावात गॅस्ट्रोची साथ आली. उलट्या-जुलाबांनी निम्मं गाव आडवं झालं. घरातले सगळे आठवड्याभरात उठले. मीही उठले, पण माझं पोट पूर्वीसारखं झालं नाही. सकाळी बेंबीखाली मुरडा यायचा, जाऊन आलं की सुटायचा आणि चहा पोटात गेला की पुन्हा यायचा. कधी नुसती चिकट आव पडायची. कधी दोन-दोन दिवस काहीच नाही आणि पोट ढोलासारखं तटतटलेलं. कवठेमहांकाळच्या बाजूने एसटीने मिरजेला यायचं म्हणजे बाईमाणसाने मध्ये कुठे उतरायचं, हा प्रश्न मनात घेऊनच निघायचं. म्हणून मी उपाशी निघायचे. लग्नाकार्याला जाणं टाळायचे. घरच्यांना वाटायचं, पोरीला शिक्षणाचा गर्व झाला.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन मी माझाच नमुना तपासायचे. रजिस्टरला नोंद नाही, नाव नाही. एकेक क्षेत्र सरकवत डोळे दुखेपर्यंत बघायचे. काही दिसायचं नाही. तरी औषधांच्या दुकानातून अमिबाच्या गोळ्या आणून घ्यायचे. जिभेवर धातूसारखी चव घेऊन दिवस काढायचे, आठवडाभर बरं वाटल्यासारखं व्हायचं आणि पुन्हा तेच.

त्याच सुमारास सर आमच्या लॅबमध्ये येऊ लागले. ते पोटाच्या विकारांचे डॉक्टर. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. त्यांची वेगळी गोष्ट अशी की रिपोर्टवर भागायचं नाही, स्लाइड स्वतः बघायला ते जिना चढून वर यायचे. पहिल्यांदा आले ते मी ‘अमिबा’ म्हणून बाजूला ठेवलेली स्लाइड बघायला. बराच वेळ भिंगातून बघून त्यांनी विचारलं, ‘हा अमिबा कशावरून?’ मी म्हटलं, आकारावरून. त्यांनी मला बसवून दाखवलं. आतड्याला सूज असली की मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी संडासात येतात, त्या थेट अमिबासारख्या दिसतात. जिवंत अमिबा आपला पाय पुढे ढकलत सरकतो. त्याच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशी दिसल्या, तर तो आतडं पोखरणाराच असण्याची दाट शक्यता. आणि हे बघायचं तर नमुना ताजा हवा, पातळ संडास अर्ध्या तासाच्या आत काचेवर यायला हवा. आमच्याकडे गावाहून डब्या पिशवीत घालून दोन-दोन तासांनी यायच्या. त्या दिवसापासून मी डबीवर वेळ लिहायला लागले.

पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिने माझं टेबलच बदललं. 1993 मध्ये डायमंड आणि क्लार्क या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की भिंगाखाली सारखेच दिसणारे अमिबा दोन वेगळ्या जातींचे आहेत. एक एन्टामिबा हिस्टोलिटिका, रोग करणारा. दुसरा एन्टामिबा डिस्पार, माणसाच्या आतड्यात राहतो आणि काही करत नाही. ज्यांच्या संडासात अमिबाच्या चार केंद्रांच्या गाठी, म्हणजे सिस्ट, सापडतात, त्यातल्या बहुतेकांत हा दुसराच असतो. म्हणजे गाठी दिसल्या तरी पोटदुखी त्यांच्यामुळेच आहे असं म्हणता येत नाही. आणि आव, म्हणजे तो चिकट पांढरा श्लेष्मा, तर अमिबा नसतानाही पडू शकतो. मग ज्यांना अमिबा नाही आणि पोट मात्र दुखतं, त्यांना झालंय तरी काय, असं मी विचारलं. विचारताना माझा आवाज बदलला असावा. सर भिंगावरून डोळे काढून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘कुणाबद्दल विचारताय?’

मी सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं.

दुपारी त्यांनी मला दवाखान्यात बोलावलं. माझ्या ओळखीतल्या कुठल्याही डॉक्टरांनी पोटाबद्दल इतके प्रश्न विचारले नव्हते. दुखणं आठवड्यातून किती दिवस? संडासला जाऊन आल्यावर कमी होतं की वाढतं? दुखायला लागलं की जाण्याची खेप वाढते का? तेव्हा संडास पातळ होतो का? साफ झालं नाही असं वाटतं का? केव्हापासून? त्याआधी काही झालं होतं का? मी गॅस्ट्रोची साथ सांगितली तेव्हा त्यांनी पेन थांबवून ती तारीख-महिन्यासकट पुन्हा विचारली. मग प्रश्नांची दुसरी माळ सुरू झाली आणि इथे त्यांचा आवाज बदलला. झोपेतून उठून जावं लागतं का? रक्त पडतं? वजन घटलंय? संध्याकाळी कणकण येते? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, आतड्याची जुनाट सूज? सगळ्याला माझं उत्तर नाही होतं. त्यांनी पोट तपासलं, हिमोग्लोबिन, ईएसआर आणि थायरॉइड करायला सांगितलं. संडास तपासायची गरज नव्हती, तो मी पुरेसा तपासला होता.

रिपोर्ट नॉर्मल आले. मी खाली मान घालून बसले होते, कारण पुढचं वाक्य मला पाठ होतं: तुम्हाला काही झालेलं नाही. सर म्हणाले, ‘तुम्हाला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम आहे. रिपोर्ट यायच्या आधीच मला तसं वाटलं होतं. रिपोर्ट फक्त दुसरं काही नाही ना, हे बघायला काढले.’

त्यांनी हे वाक्य ज्या क्रमाने उच्चारलं, त्या क्रमाचं ऋण माझ्यावर आहे. तोपर्यंत मला वाटायचं, या आजाराचं नाव म्हणजे हात टेकलेल्या डॉक्टरांनी शेवटी मारायचा शिक्का. सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही, तर मग हे. सरांनी समजावलं की 1978 मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरातले मॅनिंग, हीटन आणि त्यांचे सहकारी यांनी पोटदुखीच्या पेशंटांना प्रश्नावली दिली आणि पुढे कुणाला कुठला आजार निघाला ते पाहिलं. पोट फुगणं, शौचाला गेल्यावर दुखणं कमी होणं, दुखणं सुरू झाल्यावर खेपा वाढणं आणि तेव्हा शौच पातळ होणं, या खुणा आतड्याच्या इतर रोगांपेक्षा या आजारात जास्त आढळल्या. म्हणजे हा आजार स्वतःच्या खुणांनी ओळखता येतो. त्या खुणा काचपट्टीवर दिसत नाहीत, विचाराव्या लागतात. पुढे रोम शहराच्या नावाने ओळखले जाणारे निकष आले, तेही याच वाटेवरचे.

मग मी तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक पेशंटच्या ओठावर असतो. काही नाहीच, तर दुखतं कशाने? सरांनी एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. 1973 मध्ये रिची या संशोधकाने आतड्याच्या शेवटच्या भागात लहान फुगा सरकवून त्यात हवा भरली. निरोगी माणसांपैकी फार थोड्यांना जेवढ्या हवेने दुखलं, तेवढ्याच हवेने या आजाराच्या निम्म्याहून अधिक लोकांना दुखलं. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं मोठं जाळं आहे, त्याची मेंदूशी अखंड देवाणघेवाण चाललेली असते. माझ्या बाबतीत त्या साथीनंतर हे जाळं जास्त जागं राहिलं असावं, असं त्यांचं मत होतं. काही वर्षांनी कॅनडातल्या वॉकर्टन गावाची हकिगत त्यांनी मला मुद्दाम आणून दिली. मे 2000 मध्ये तिथल्या पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळले, दोन हजारांहून जास्त माणसं आजारी पडली, सात दगावली. डॉक्टरांनी त्या गावकऱ्यांवर पुढे अनेक वर्षं लक्ष ठेवलं. जे त्या वेळी आजारी पडले होते, त्यांच्यात हा आतड्याचा विकार इतरांपेक्षा बराच जास्त निघाला. तो कागद वाचताना मला आमची जत्रा आठवली. माझ्या दुखण्याला सुरुवात होती, कारण होतं. ते माझ्या स्वभावातून आलेलं नव्हतं.

औषधपाण्याचं मी थोडक्यात सांगते, कारण ते प्रत्येकाचं वेगळं असतं. सरांनी वही घालायला लावली: काय खाल्लं, केव्हा दुखलं, त्या दिवशी घरात किंवा कामावर काय झालं. वहीतून दिसलं की भाकरी मला सोसते, चपातीने गुबारा धरतो. कच्चा कांदा आणि दूध वाईट, दही चालतं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 नंतर यामागचं कारण नीट मांडलं. कांदा, लसूण, गहू, बरीच कडधान्यं, दूध यांतल्या काही साखरा लहान आतड्यात पुरत्या शोषल्या जात नाहीत, त्या आतड्यात पाणी ओढतात आणि पुढे जंतू त्यांचा वायू करतात. निरोगी माणसाच्याही पोटात हे होतंच, पण आमच्या आतड्याला त्याची झळ लागते. सर एका गोष्टीवर ठाम होते. पदार्थ सोडायचे ते काही आठवड्यांसाठी, मग एकेक करून परत आणायचे. सगळं सोडून सुकलेली माणसं त्यांनी पाहिली होती.

झोपताना घ्यायची अमिट्रिप्टिलिनची बारीक गोळी त्यांनी लिहिली तेव्हा मात्र मी हादरले. दुकानदाराने ती डिप्रेशनची म्हणून सांगितली होती. म्हणजे शेवटी माझ्या डोक्यातच आहे म्हणायचं का? मी गोळ्या न घेताच परत गेले. सर रागावले नाहीत. ज्या तारांवरून आतडं आणि मेंदू बोलतात, त्यांचा आवाज ही गोळी थोड्या मात्रेत खाली आणते, आतड्याची घाईही कमी करते. डिप्रेशनला मात्रा याच्या कितीतरी पट लागते, असं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. 2023 मध्ये इंग्लंडातल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या 463 पेशंटांवर याच बारीक मात्रेची चाचणी झाली आणि सहा महिन्यांनी ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. मला तिचा गुण त्याच्या खूप आधी आला. मी पूर्ण बरी झाले असं नाही. पण नाश्ता करून एसटीत बसायला लागले.

माझ्या कामावरही या सगळ्याचा परिणाम झाला. 1997 मध्ये ब्रिस्टलच्याच लुईस आणि हीटन यांनी शौचाच्या घट्ट-पातळपणाचे सात प्रकार ठरवून दिले होते. अन्न आतड्यातून किती वेळात पुढे सरकतं, याचा अंदाज त्यावरून येतो. सरांनी तो तक्ता आणला, पण इंग्रजी आमच्या पेशंटांच्या काय कामाचं? त्यांच्या सांगण्यावरून मी चित्रं काढली आणि खाली लोक बोलतात तसं लिहिलं. पहिल्याला शेळीच्या लेंड्या, चौथ्याला मऊ आणि एकसंध, सातव्याला निव्वळ पाणी. लॅबमधल्या एका मुलीने त्याखाली कानडी लिहिलं. ‘पोट साफ होत नाही’ एवढंच सांगणारा म्हातारा चित्रावर बोट ठेवून नेमकं सांगायला लागला. काहींना रोज होत असे, पण दुसऱ्या प्रकारचं, आणि ते स्वतःला जुलाबवाले समजत असत, कारण कुंथून कुंथून चार वेळा जावं लागायचं. बद्धकोष्ठाची आणि जुलाबाची औषधं उलटी आहेत, तेव्हा हा फरक लहान नव्हता.

सर या निदानाला फार जपत, आणि म्हणून ते कुणालाही देत नसत. एक तरुण गवंडी होता. पोटात कळ, कधी जुलाब, कधी काही नाही, संडासात काही सापडत नव्हतं. खुणा आमच्यासारख्याच. पण दुसऱ्या माळेतल्या दोन प्रश्नांना त्याने हो म्हटलं. कपडे ढिले झाले होते आणि संध्याकाळी अंग तापायचं. सरांनी त्याच दिवशी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. आतड्याचा क्षय निघाला. औषधांचा कोर्स पुरा करून तो पेढे घेऊन लॅबमध्येही आला होता. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोट बिघडलेला माणूस आला, हिमोग्लोबिन कमी असलं, तर सर दुर्बिणीची तपासणी टाळू देत नसत. पुढे ग्लुटेनच्या आजारासाठी टीटीजीची रक्ततपासणी आली, आतड्याची सूज ओळखायला कॅलप्रोटेक्टिन आलं. माझ्या दुर्लक्षित टेबलावरच्या नमुन्यातूनच ते कॅलप्रोटेक्टिन मोजतात, याचा मला आनंद झाला होता. त्याचा आकडा नॉर्मल आला की पुष्कळ लोकांची दुर्बीण वाचते.

एकदा सरांनी मला अमेरिकेतल्या टेड कॅपचुक यांच्या 2008 च्या अभ्यासाची प्रत दिली. माझं इंग्रजी बेताचं, शब्दकोश घेऊन मी ती वाचली. याच आजाराच्या 262 जणांचे तीन गट. एकाला नुसतं थांबायला सांगितलं. दुसऱ्याला खोट्या सुया टोचल्या, पण बोलणं जेमतेम. तिसऱ्याला त्याच खोट्या सुया, पण टोचणारा माणूस बसून ऐकायचा, विचारायचा, धीर द्यायचा. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला असं म्हणणारे पहिल्या गटात शंभरात 28, दुसऱ्यात 44 आणि तिसऱ्यात 62 होते. मी सरांना म्हटलं, म्हणजे आम्हाला कशानेही बरं वाटतं, असाच अर्थ लोक काढतील. ते म्हणाले, ‘काढू देत. ऐकून घेतल्याने आतडं शांत होत असेल, तर न ऐकणं हा उपचारातला दोष झाला.’ त्यानंतर डबी घेऊन आलेल्या माणसाशी मी घाईने बोलू शकले नाही. निदान सांगणं माझं काम नाही, ते मी कधी केलं नाही. पण रिपोर्ट हातात देताना ‘काही नाही’ असं म्हणणं सोडलं. ‘जंत आणि अमिबा नाहीत, आता हा कागद घेऊन डॉक्टरांना तुमचं सगळं सांगा,’ असं म्हणायला लागले.

2016 मध्ये रोमच्या निकषांची चौथी आवृत्ती आली. तिच्याप्रमाणे गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखायला हवं, त्याचा संबंध शौचाशी किंवा त्याच्या खेपांतल्या वा स्वरूपातल्या बदलाशी हवा, यांतल्या दोन गोष्टी तरी जुळायला हव्यात आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची हवी. आधीच्या आवृत्तीत दुखण्याबरोबर पोटातली अस्वस्थताही धरली जायची, ती काढून टाकली. सरांना हे पटलं नव्हतं. आपल्याकडे कितीतरी बायका दुखतं म्हणतच नाहीत, गुबारा धरतो, जड वाटतं, एवढंच म्हणतात, हे ते सांगत. त्यानंतर थोड्याच वर्षांत सर गेले. 2021 मध्ये 33 देशांची मोठी पाहणी छापून आली. इंटरनेटवरून उत्तरं दिलेल्यांत जुन्या निकषांनी शंभरातल्या सुमारे दहा जणांना हा आजार होता, नव्यांनी चौघांनाच. मधले सहा जण कुठे गेले? त्यांचं पोट तर बरं झालं नव्हतं. पुढे रोमच्याच मंडळींनी दवाखान्यातल्या वापरासाठी निकष सैल केले. माणसाला त्रास जाचत असेल, त्यासाठी तो मदत मागत असेल आणि दुसऱ्या आजाराची शंका नसेल, तर खेपांचा आणि महिन्यांचा हिशेब थोडा कमी भरला तरी निदान करावं.

सर हे आधीपासूनच करत आले होते. अशा माणसांच्या केसपेपरवर ते लिहीत, ‘निकषात पुरतं बसत नाही, त्रास खरा आहे, उपचार सुरू’, आणि खाली पुढच्या भेटीची तारीख टाकत. त्यातल्या कितीतरी जणांच्या तपासण्या आमच्याकडे व्हायच्या, म्हणून ते कागद मी पाहिलेत. दिलेल्या तारखेला ही माणसं परत यायची. दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन मात्र ती पुन्हा आली नाहीत.